सुईच्या भोकातलं ऊन

पडदेवाली कुणाच्या घरी माप घ्यायला गेली की आधी टेप काढत नसे. खोलीचं दार लावून घ्यायची, दिवा मालवायची आणि मधोमध नुसती उभी राहायची. गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई मनात देवाचं नाव घेतेय की काय. ती उजेड कुठून घुसतोय ते बघत असायची. दांडीच्या वरून, भिंतीच्या कडेने, दोन पल्ले मिळतात तिथून, खाली फरशीजवळून. चोर आणि ऊन दोघं फटीतूनच येतात, असं म्हणायची आणि मग पिशवीतून टेप बाहेर यायची.

दुकान तिचं नव्हतं. मालक पुढच्या बाजूला कापडं उलगडून दाखवायचा, गोड बोलायचा, आणि ही मागच्या खोलीत लांब टेबलावर कापायची, शिवायची. त्या खोलीला एक खिडकी होती, तीही कापडाच्या गठ्ठ्यांनी बुजलेली. जगाचे पडदे जिथे शिवले जात त्या खोलीला स्वतःला पडद्याची गरज नव्हती. पन्नाशीला टेकलेली बाई, पण सुईत दोरा अजून पहिल्या झटक्यात ओवायची. शेजारीपाजारी, भाजीवाला, सगळे तिला पडदेवालीच म्हणत, आणि तिलाही ते नाव आवडायचं.

तिचं खरं नाव झालं होतं ते काळोखाच्या कापडावर. कापडाचं हे नाव तिनेच ठेवलेलं. मागून रबरासारखं अस्तर असलेलं जाड कापड, ज्यातून भर दुपारचं ऊनही आत येत नाही. रात्रपाळी करणाऱ्या नर्सबाई ते मागायच्या, तान्ह्या बाळांच्या आया मागायच्या, अर्धशिशीवाले मागायचे. पण त्या कापडाला एक खोड आहे. साध्या कापडात सुई गेली की धागे पुन्हा मिळून येतात. या अस्तरात सुईचं भोक तसंच राहतं. पडदा लावला, खोलीत काळोख केला, की शिवणीच्या रेघेवर टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके ओळीने चमकायला लागतात. दुसरे शिंपी म्हणायचे, एवढं कोण बघतं? पडदेवाली बघायची. त्याच कापडाची बोटभर रुंद पट्टी काढून ती शिवणीवर आतून चिकटवायची आणि वर इस्त्री फिरवायची. मग एक ठिपका दिसत नसे. मालक गिऱ्हाइकांना ती पट्टी कौतुकाने दाखवायचा.

तर उजेड अडवण्यात अशी हुशार असलेली ही बाई ज्या घरात राहत होती, तिथे तिची सासू सूर्याची भक्त होती. यावरून घरात पुष्कळ थट्टा झालेली. सासूबाई म्हणायच्या, "मी त्याला बोलावते आणि ही त्याच्या तोंडावर दार लावते. एकाच घरातलं अन्न खातो बघ आम्ही."

देव्हारा होता, त्यात सगळे देव होते, आणि सासूबाई त्यांना मायेने धूतपुसत. पण नातं होतं ते सूर्याशी. बाकीचे देव आपण आणून बसवले, हा आपणहून येतो, असं त्यांचं म्हणणं. उजाडायच्या आत अंघोळ करून त्या आपल्या खोलीतल्या पूर्वेच्या खिडकीशी उभ्या राहत. तांब्याच्या तांब्यात पाणी, चार अक्षता, एक तांबडं फूल. तांब्या दोन्ही हातांनी कपाळापर्यंत उचलायचा, धार बारीक सोडायची आणि त्या धारेतून उगवत्या बिंबाकडे बघायचं. बारा नावं घ्यायची. मित्राय नमः पासून भास्कराय नमः पर्यंत, घाई नाही, आवाज नाही. पाणी खिडकीत ठेवलेल्या जास्वंदीच्या कुंडीत पडे. त्या जास्वंदीला दुसरं पाणी कधी कुणी घातलं नाही, आणि ती कधी सुकलीही नाही.

वर्षाचे बाकीचे सण त्या घरासाठी करायच्या. रथसप्तमी मात्र स्वतःसाठी. सूर्याचा जन्मदिवस तो. आदल्या संध्याकाळी पाटावर रक्तचंदनाने रथ काढायच्या, सात घोड्यांचा. घोडे त्यांना उभ्या जन्मात घोड्यांसारखे जमले नाहीत. शेजारच्या मुली त्यांना बकऱ्या म्हणायच्या. सासूबाई म्हणायच्या, बकऱ्या तर बकऱ्या, पोचल्याशी कारण. सकाळी खिडकीशी छोट्या शेगडीवर दूध ठेवायचं आणि ते पूर्वेकडून उतू जाऊ द्यायचं. एरवी थेंबभर दूध सांडलं तर हळहळणारी बाई त्या दिवशी दूध ओघळताना बघून हसायची.

मग डोळे गेले. एकदम नाही, कडेकडेने. मागची शीर वाळत चाललीय, चष्म्याचा किंवा ऑपरेशनचा उपयोग नाही, असं सांगितलं गेलं. शेवटी राहिलं काय, तर उजेड आहे की काळोख आहे, एवढं समजणं. कानही मंदावले. कानातलं मशीन रात्री काढून डबीत ठेवायचं आणि सकाळी सुनेने लावून द्यायचं. तरी अर्घ्य चुकलं नाही. फक्त एक नवी गोष्ट सुरू झाली. उजाडतंय एवढं त्यांना कळे, पण समोरच्या इमारतीच्या टाकीमागून बिंब वर आलं की नाही, हे कळत नसे. आणि बिंब दिसल्याशिवाय त्या धार सोडत नसत. पाहुणा दारात आल्याशिवाय पाय धुवायला पाणी देतात का, असं विचारायच्या. म्हणून रोज पहाटे, तांब्या हातात धरून, त्या सुनेला हाक मारायच्या.

"उगवला का गं?"

नाही आई. थोड्या वेळाने पुन्हा, उगवला का गं? अजून नाही. ढग असले की हे पुष्कळ चालायचं.

पडदेवालीला याचा कधी जाच वाटला नव्हता. ती लग्न होऊन आली तेव्हा नणंदेने नाक मुरडलं होतं, की सून दुकानात जाऊन शिवणार, मग घर कोण बघणार? सासूबाईंनी लेकीला तिथल्या तिथे गप्प केलं होतं. मी बघीन, हात आहेत मला, म्हणाल्या होत्या. आणि पडदेवालीच्या मुलीला त्यांनीच वाढवलं, अगदी तिचं लग्न होऊन ती परगावी जाईपर्यंत. त्या उपकारापुढे पहाटे उठून खिडकीशी उभं राहणं म्हणजे काय मोठंसं?

पण त्या थंडीत दुकानात एका नव्या हॉटेलचं काम आलं. सगळ्या खोल्यांना काळोखाच्या कापडाचे पडदे. पडदेवाली रात्री उशिरा घरी यायची, पाय खांबासारखे सुजलेले, बोटांना कात्रीचे वळ. डोळा लागतो न लागतो तोच पलीकडच्या खोलीतून हाक यायची. नवरा पाणी सोडायच्या कामावर होता, पंपावर. त्याची पहिली पाळी, तो उजाडायच्या कितीतरी आधी निघून गेलेला असायचा. म्हणजे उठायचं तिनेच.

त्याच दिवसांत सासूबाईंना खोकला झाला. खिडकीची चौकट जुनी, तिच्यातून गार वारा आत यायचा. पडदेवालीने हॉटेलच्या कामातला उरलेला तुकडा मालकाला विचारून आणला आणि त्याचा पडदा शिवला. खरं सांगायचं तर त्या दिवशी तिच्या मनात पाप नव्हतं. पडदा लावला, वारा थांबला. सासूबाईंनी तो बोटांनी चाचपला, काठ बघितला, चुण्या मोजल्या आणि म्हणाल्या, राजाच्या घरी असा नसेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे शिवणीतून ठिपके चमकले. दांडीच्या वरूनही उजेडाची एक रेघ आली. सासूबाईंना तेवढं पुरलं. उठून बसल्या आणि हाक मारली, उगवला का गं? पडदेवाली उठली. आणि त्यांच्या खोलीत शिरता शिरता, झोपेने जड झालेल्या डोक्यात, तिला ती ठिपक्यांची ओळ दिसली.

काठ जरा वाकडा झालाय म्हणून ती पडदा काढून दुकानात घेऊन गेली. काठ सरळ होता. तिने शिवणीवर आतून पट्टी चिकटवली, इस्त्री फिरवली. दांडीवर एक झालर घातली, कडेला भिंतीला चिकटेल असा जोड दिला. संध्याकाळी पडदा पुन्हा लावला, दार लावून घेतलं, दिवा मालवला आणि गिऱ्हाइकाच्या घरी उभी राहते तशी मधोमध उभी राहिली. एक ठिपका दिसला नाही.

गारवा काही सुईच्या भोकातून येत नाही. हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

सासूबाईंनी पडदा पुन्हा चाचपला. बोटं शिवणीपाशी थांबली. ही पट्टी कशाला गं लावलीस, त्यांनी विचारलं. मजबुतीला, ती म्हणाली.

त्यानंतर पहाट त्या खोलीत यायची बंद झाली. सासूबाईंना जाग येई, पण समोर काळोख. जरा वेळ वाट बघून त्या हाक मारत, आता जराशा दबक्या आवाजात, उगाच सुनेची झोप मोडायला नको म्हणून. उजाडलं का गं? पहिल्या दिवशी पडदेवाली मिटल्या डोळ्यांनीच उठली, त्यांच्या कानाशी गेली आणि म्हणाली, "अजून रात्र आहे, आई. झोपा." आणि परत येऊन आडवी झाली. त्या वेळी बाहेर रस्त्यावर शाळेच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. सासूबाईंच्या कानात मशीन नव्हतं.

पहिलं खोटं झोपेने बोलवून घेतलं. दुसऱ्या दिवशीचं मात्र तिने स्वतः बोललेलं. आणि मग जिभेला वळण पडलं. पोट भरून झोप झाली, चहा झाला, की ती पडदा सारायची, सासूबाईंच्या कानात मशीन बसवायची आणि म्हणायची, उगवला, आई. तोवर सूर्य टाकीच्या कितीतरी वर गेलेला असायचा. सासूबाई तांब्या उचलत आणि त्या चढलेल्या उन्हाला, तो आत्ताच आलाय अशा समजुतीने, पाणी देत.

थोड्या दिवसांनी त्या म्हणाल्या, हल्ली उगवतानाच कसा चटका देतो हा. पडदेवाली म्हणाली, हवा बदललीय. मग एकदा म्हणाल्या, रात्री फार लांबल्यात, सरता सरत नाहीत. पडून पडून अंग दुखतं, नाव घेऊन घेऊन तोंड वाळतं, पण उजाडतच नाही. पडदेवाली म्हणाली, वय झालं की झोप कमी होते. दर वेळी काहीतरी उत्तर तयार असायचं. आपल्यात इतकी उत्तरं आहेत हे तिला आधी माहीत नव्हतं.

एका रविवारी नवरा स्वयंपाकघरात चोरून गूळ खाताना सापडला. त्याला साखरेचा आजार. सासूबाईंना दिसत नव्हतं, पण डब्याचं झाकण त्यांनी ओळखलं. "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही हो," त्या लेकाला म्हणाल्या. तो हसला. पडदेवाली ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिच्या हातातला डाव भांड्यात तसाच उभा राहिला. त्या दिवशी तिने ठरवलं, उद्यापासून वेळेवर उठवायचं. उद्या उजाडलं, हाक आली, आणि ती कानाशी जाऊन म्हणाली, अजून रात्र आहे. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. असतं, पण त्या चांदण्यात तो चोरी सोडतो असं नाही.

सासूबाईंनी मग स्वतःहूनच डॉक्टरकडे न्यायला सांगितलं. डॉक्टरीणबाई तरुण होती, मोठ्याने आणि सावकाश बोलणारी. आज वार कोणता, महिना कोणता, शंभरातून सात सात वजा करा. सासूबाईंनी सगळं बरोबर सांगितलं, वर तिथीही सांगितली, जी त्या मुलीला ठाऊक नव्हती. मग म्हणाल्या, "उत्तरायण लागलं, बाई. दिवस मोठा व्हायला हवा. माझी रात्र वाढतेच आहे. सूर्य उगवतो तो तापलेलाच उगवतो. असं कसं होईल? म्हणजे माझंच काहीतरी बिघडलंय ना?"

डॉक्टरीणबाईने लिहायचं थांबवून सुनेकडे बघितलं आणि विचारलं, की हे असं केव्हापासून होतंय, घरात कुणाच्या लक्षात आलंय का? पडदेवाली स्टुलावर बसली होती, मांडीवर पिशवी. तोंड उघडायची हीच वेळ होती. ती म्हणाली, थंडी सुरू झाल्यापासून. आणि हे अगदी खरं होतं.

या वयात शरीराचं घड्याळ सरकतं, डॉक्टरीणबाई म्हणाली. रात्री घ्यायच्या गोळ्या दिल्या. बाहेर आल्यावर जिना उतरताना सासूबाईंनी सुनेचा दंड घट्ट धरला होता. म्हणाल्या, "बरं झालं तू बरोबर होतीस. एकटी आले असते तर वेडीच ठरवली असती मला." पडदेवाली पायरी बघत राहिली. एरवी ती प्रत्येक पायरीला आता खाली, आता वळण असं सांगायची. त्या दिवशी ते राहून गेलं, आणि सासूबाई पायाने चाचपत उतरल्या.

गोळ्यांनी झोप लागायची, पण सकाळी त्या जडशीळ उठायच्या. बोलताना जीभ अडखळायची. एके दिवशी अर्घ्य देताना नावं घेता घेता हिरण्यगर्भाय नमः वर थांबल्या. धार थांबली. तांब्या तसाच हातात. पुढचं काय गं, त्यांनी विचारलं. पडदेवालीने ही बारा नावं वर्षानुवर्षं रोज ऐकली होती, पण कानावरून जाऊ दिलेली. तिलाही सांगता येईना. सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि खाटेवर बसल्या. डोळ्याला पदर लावला नाही, काही नाही. नुसत्या बसल्या.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी नणंद राहायला आली. दरवर्षी यायची. तिच्या घराच्या सगळ्या खिडक्या पश्चिमेला, म्हणून सासूबाई तिच्याकडे कधी एक रात्रही राहत नसत. आल्या आल्या तिने आईच्या खोलीत डोकावलं आणि म्हणाली, "वहिनी, ही खोली आहे की पेटी? जीव गुदमरत नाही का आईचा?" सासूबाईंनी सुनेची बाजू घेतली. वाऱ्यासाठी लावलाय, केवढ्या मायेने लावलाय, हात लावून बघ, आतून मजबुतीला पट्टीसुद्धा आहे. नणंदेने हात लावून बघितला. पडदेवाली चहाचे कप गोळा करायला निघून गेली.

संध्याकाळी पाट मांडला. सासूबाईंनी वाटीत रक्तचंदन कालवलं आणि बोटाने, चाचपत, रथ काढायला बसल्या. एक चाक दुसऱ्यावर चढलं. घोडे तर एकमेकांत गुंतले. नणंद म्हणाली, या वर्षी बकऱ्याही नाहीत, खिचडी झालीय. सासूबाई हसल्या, मग बोट पुसलं आणि म्हणाल्या, मला तुम्हा दोघींना सांगायचंय.

त्यांनी सांगितलं ते असं. उद्याचं अर्घ्य शेवटचं. उद्या मी तांब्या सुनेच्या हातात देणार. नणंद म्हणाली, अगं, पण का? सासूबाई म्हणाल्या, "डोळे गेले तेव्हा मी सोडलं नाही. कातडीला तर कळतं ना, म्हटलं. आता कातडीही खोटं सांगायला लागली. कोवळं ऊन मला चटका देतं, सरलेली रात्र मला सरलेली कळत नाही. नावं विसरते. ज्याला बोलावते तो केव्हा आला तेही ज्याला समजत नाही, त्याने कशाला बोलवावं? ही माझे डोळे आहे. हिने कधी मला आल्याशिवाय आला म्हटलं नाही. तिलाच दे म्हटलं मनाने."

नणंद वहिनीकडे बघून म्हणाली, घ्या, लॉटरी लागली. तिच्या बोलण्यात खवचटपणा होता, पण त्या दिवशी डोळेही भरले होते. पडदेवाली काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलली, की मला कुठे नावं येतात. सासूबाई म्हणाल्या, मी शिकवीन ना, आठवतील तेवढी.

आता खरं बघायचं तर तिची सुटका झाली होती. उद्यापासून तांब्या तिचा, वेळ तिची. कुणाला उठवायचं नाही, कुणाला फसवायचं नाही. नणंद घरात आहे म्हणून उद्या वेळेवर उठवायचं, आणि सगळं मिटलं. पडद्याचं कधी कुणाला कळणार नव्हतं. फक्त एक बाई उरलेले दिवस आपलं डोकं बिघडलंय असं समजून काढणार होती.

पडदेवाली पहाटे हाक यायच्या आत उठली. अंघोळ केली. सासूबाईंना हात लावून उठवलं, त्यांना अंघोळ घातली, कानात मशीन बसवलं. पडदा सारला. बाहेर अजून करडं होतं. नणंद शेगडी घेऊन आली, दूध ठेवलं. सासूबाई खिडकीशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी तोंड वर केलं. खाली कुणीतरी सायकल काढत होतं. पाखरांचा गलबला चालला होता. त्या ऐकत राहिल्या. इतक्या पाखरांचा आवाज त्यांनी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

"उगवला का गं?"

"अजून नाही, आई."

टाकीमागे तांबडं झालं. मग कड दिसली. पडदेवाली म्हणाली, उगवला. सासूबाईंनी तांब्या उचलला नाही. त्या उन्हात तोंड धरून उभ्या होत्या. मग एक हात पुढे करून त्यांनी तळवा उन्हात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"आज चटका नाही," त्या म्हणाल्या.

नणंद म्हणाली, कोवळं ऊन ते, चटका कसा असेल? सासूबाईंनी तळवा मागे घेतला. त्यांनी तांब्या उचलला तो कपाळापाशी नेला नाही. सुनेच्या दिशेने पुढे केला. घे म्हणाल्या. पडदेवालीने दोन्ही हातांनी तो घेतला. तांब्या गार होता, काठोकाठ भरलेला.

तिला तो उचलता येईना.

"आई, मी रोज उशिरा उठवत होते तुम्हाला," ती म्हणाली. "उजाडलेलं असायचं. तुम्ही विचारायचात आणि मी नाही म्हणायचे. मला झोप हवी होती. तो पडदा नुसता वाऱ्यासाठी नाही. ती पट्टी मी उजेड बुजवायला लावलीय."

नणंदेने वळून तिच्याकडे बघितलं. दूध चढायला लागलं होतं, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

सासूबाई तिच्या आवाजाच्या दिशेने वळल्या. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे ऊन खरंच तापलेलं असायचं?"

हो, आई.

"आणि रात्र तेवढीच होती?"

हो.

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते राग असतं तर पडदेवालीने झेललं असतं. ती तयारीही तिने केली होती. पण सासूबाईंच्या चेहऱ्यावर आनंद आला. लहान मुलाला हरवलेली वस्तू मिळावी तसा, उघडा, नागवा आनंद. त्यांनी तळवा पुन्हा उन्हात धरला. कातडी खरं बोलत होती, त्या स्वतःशीच म्हणाल्या. पडदेवालीला तिथे उभं राहवेना, आणि हातात तांब्या होता म्हणून जाताही येईना.

मग आनंद ओसरला. त्यांनी हात पुढे केला.

"तांब्या दे इकडे."

तिने दिला. सासूबाईंनी तो कपाळाला नेला, धार सोडली. मित्राय नमः. रवये नमः. रात्रीची गोळी अजून अंगात होती, शब्द सावकाश येत होते, पण येत होते. हिरण्यगर्भाय नमः वर त्या थांबल्या, आणि पाणी थांबलं नाही. मरीचये नमः, त्या म्हणाल्या, आणि पुढची चारही. दूध उतू गेलं, पूर्वेकडूनच गेलं. त्या वर्षी कुणी हसलं नाही.

नणंदेने नंतर स्वयंपाकघरात वहिनीला गाठलं. मनसोक्त बोलली, आणि जे बोलली त्यातला एक शब्द खोटा नव्हता. मग आईच्या खोलीत जाऊन तिचे कपडे पिशवीत भरायला लागली, की चल माझ्याकडे. सासूबाई म्हणाल्या, तुझं घर पश्चिमेला उघडतं, बाई, मी मावळायला येईन तेव्हा येईन. नणंदेला हसावं की रडावं कळेना. नवऱ्याला संध्याकाळी कळलं. जेवताना त्याने आपली भाजी आपणच वाढून घेतली. डॉक्टरीणबाईकडे पडदेवाली स्वतः गेली, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, गोळ्या बंद केल्या, आणि निघताना एवढंच म्हणाली, की त्या दिवशी मी तुम्हालाच विचारलं होतं.

रथसप्तमीच्याच दुपारी पडदेवाली पडदा उतरवायला स्टुलावर चढली होती. सासूबाईंनी आवाज ओळखला. राहू दे, म्हणाल्या, थंडी आहे अजून. फक्त ती पट्टी काढ.

तिने पट्टी काढली. एकदा इस्त्रीने बसलेली पट्टी सहज निघत नाही, नखांनी खरवडावी लागते. पडदा खराब झाला. शिवणीवर चिकट डाग राहिले, असं काम तिने गिऱ्हाइकाला कधी दिलं नसतं. पण भोकं मोकळी झाली, आणि पहाटे त्या ओळीतून पुन्हा ठिपके यायला लागले.

आता सासूबाई तेवढ्यावरच उठतात. भिंतीला धरून अंघोळीला जातात, मशीन आपलं आपण बसवतात, कधी उलटंही बसतं. मग खिडकीशी तळवा पुढे धरून उभ्या राहतात. ऊन तळव्याला लागल्यासारखं वाटलं की धार सोडतात. कधी टाकीच्या आड बिंब असतानाच सोडतात, कधी वर आल्यावर पुष्कळ वेळाने. सुनेशी त्या नीट बोलतात, तिने वाढलेलं जेवतात, तिची थट्टाही करतात. फक्त एक गोष्ट विचारत नाहीत.

पडदेवालीला आता पहाटे आपोआप जाग येते. हॉटेलचं काम संपलं, झोपायला हरकत नाही. ती पलीकडच्या खोलीत डोळे उघडे ठेवून पडून राहते आणि तांब्यात पाणी भरल्याचा आवाज ऐकते. मग खिडकी उघडल्याचा. मग काहीच नाही, बराच वेळ. उगवला का गं, असं कुणी म्हणालं तर ती एका हाकेला उठेल. तिथून तिलाही टाकी दिसत नाही.